दार कोणी लावलं ते बघा

‘बेलाडोना ऑफ सॅडनेस’ बघून उठलेल्या माणसाच्या तोंडून दोनच उद्गार निघतात. पहिला: ‘शी! काय घाण दाखवलीय!’ दुसरा: ‘काय ट्रिप आहे यार!’ पहिला काढणारा बहुधा पन्नाशीपुढचा, दुसरा काढणारा तिशीच्या आतला. एकाच्या घरात देवघर मोठं, दुसऱ्याच्या घरात स्पीकर मोठे. दोघं एकमेकांना मूर्ख समजतात आणि तेवढ्यापुरतं दोघांचंही बरोबर आहे. चंद्रपुरात ओळखीच्यांच्या दिवाणखान्यात प्रोजेक्टर लावून मी हा जपानी चित्रपट दाखवला, तेव्हा दोन्ही उद्गार एकाच सोफ्यावरून आले. माझं डोकं तडकलं ते तिथे, आणि अजून ताळ्यावर आलेलं नाही.

आधी चित्रपटाची कुंडली सांगते, कारण सोफ्यावरच्या एकानेही ती विचारली नाही. मुशी प्रॉडक्शन ही ओसामू तेझुकाने काढलेली कंपनी. ‘अ‍ॅस्ट्रो बॉय’ हे पोरांचं कार्टून याच कंपनीचं. पुढे त्यांनी मोठ्यांसाठी तीन कामुक चित्रपट केले: १९६९ मध्ये ‘अ थाउजंड अँड वन नाइट्स’, १९७० मध्ये ‘क्लिओपात्रा’ आणि १९७३ मध्ये हा. तिसऱ्याच्या वेळी तेझुका कंपनीतून बाहेर पडलेला होता, तिजोरीत खडखडाट होता. दिग्दर्शक एइची यामामोतोने मग पात्रं पळवण्याचा नादच सोडला. कुनी फुकाई या चित्रकाराकडून जलरंगातली लांबच लांब चित्रं काढून घेतली आणि त्यांच्यावरून कॅमेरा सरकवला. खाली मासाहिको सातोचं जॅझ आणि रॉक. सैतानाला आवाज दिला तात्सुया नाकादाईने, जो पुढे कुरोसावाच्या ‘रान’मध्ये म्हातारा सरंजामदार झाला. चित्रपट बर्लिनच्या महोत्सवात जाऊन आला, घरी साफ पडला आणि त्याच वर्षी कंपनीचं दिवाळं वाजलं. नंतरची कितीतरी वर्षं तो पुसट, चोरट्या प्रतींतून हिंडत होता. २०१६ मध्ये अमेरिकेत मूळ निगेटिव्हवरून तो नव्याने धुऊन काढला, कापलेले तुकडे परत जोडले, आणि जगाला अचानक साक्षात्कार झाला.

साक्षात्कार कशाचा, हे विचारा. रंगांचा! फ्रेमचा! पोस्टरचा!

गोष्ट कशाची आहे, यावर कोणी बोलेल तर शपथ. म्हणून तीही मलाच सांगावी लागते. मूळ आधार फ्रेंच इतिहासकार ज्यूल मिशले याच्या १८६२ च्या चेटकिणींवरच्या पुस्तकाचा. जान आणि जीन हे गावातलं गरीब जोडपं. जान ही बायको, जीन हा नवरा. लग्न लागल्यावर सरदाराला कर द्यायचा, नाहीतर नवरी त्याच्या हवाली करायची. नवऱ्याने जमवलेले पैसे सरदाराला पुरत नाहीत. मग दरबारात जे व्हायचं ते होतं. ती घरी येते. नवरा म्हणतो, झालं गेलं विसरून जाऊ. आणि हे म्हणता म्हणता त्याचे हात तिच्या गळ्याभोवती आवळतात. पुढे ती सूत कातून, उसनवारी करून, पैसा फिरवून उभी राहते. गावात उपासमार, सरदार लढाईच्या तयारीत, आणि ही एकटी बाई पैसा बाळगून! नवरा वसुली कारकून होतो, वसुली कमी पडली म्हणून सरदार त्याचा हात तोडतो. सरदार लढाईवरून परत येतो तेव्हा जान हिरवा झगा घालून रस्त्यावर उभी असते आणि लोक तिला झुकून नमस्कार करतात. सरदाराच्या बायकोला हे सहन होत नाही. ‘चेटकीण’ हा शब्द उच्चारला जातो. झगा फाटतो, गाव मागे लागतं, ती धावत स्वतःच्या घराशी येते, दार बडवते.

नवरा आत आहे. तो दार उघडत नाही.

तो क्षण पडद्यावर आला तेव्हा सोफ्यावर काय चाललं होतं सांगू? पुढे ‘शी!’ म्हणणारे वकीलसाहेब सुपारी कातरत होते. आणि पुण्याहून सुट्टीला आलेला एक पोट्टा मोबाइलवर मागच्याच दृश्याचा फोटो पुन्हा बघत होता, कारण त्यातला जांभळा रंग त्याला स्टेटसला टाकायचा होता. ‘काकू, हे पॉज करा ना एक मिनिट,’ म्हणाला. बाईला गाव फाडून खातंय आणि याला पॉज पाहिजे.

वकीलसाहेबांचं म्हणणं आधी निकालात काढते. ‘ताई, घरात लेकीबाळी आहेत. काहून दाखवता असलं?’ लेकीबाळी सगळ्या सासरी किंवा नोकरीवर होत्या. खोलीत होते ते सगळे घोडे. आणि नोंद करा, घाण म्हणणारा एकही माणूस ८६ मिनिटांत जागचा हलला नाही. ज्याला खरोखर किळस येते तो उठतो, चप्पल घालतो, घरी जातो. हे शेवटपर्यंत बसले, डोळे ताणून बसले, आणि दिवे लागल्यावर त्यांच्या संस्कृतीला झटका आला. संस्कृतीची ही जागी होण्याची वेळ मला फार दिवसांपासून संशयास्पद वाटत आली आहे.

हेच वकीलसाहेब झाडीपट्टी रंगभूमीचे भक्त. दिवाळीनंतर मंडईच्या जत्रा भरायला लागल्या, बैलांच्या शर्यतींचे शंकरपट सुरू झाले की वडश्याच्या कंपन्यांची नाटकं गावोगाव लागतात आणि होळीपर्यंत चालतात. रात्री दहाला पडदा वर जातो तो पहाटे खाली येतो. थंडीत घोंगडी पांघरून अख्खं गाव बसतं: सासू, सून, नात, मांडीवरचं लेकरू. मला ही रंगभूमी जीव की प्राण आहे. परशुराम खुणे यांना २०२३ मध्ये पद्मश्री मिळाली तेव्हा मी पेढे वाटले. पण त्या रंगमंचावर काय काय होतं हे मला माहीत आहे आणि वकीलसाहेबांनाही. दुसऱ्या अंकात खलनायक नायिकेच्या पदराला हात घालतो, ती किंचाळते, पब्लिक श्वास रोखतं. आणि त्याच नाटकात मध्येच दिव्यांच्या झगमगाटात नाच होतो, शिट्ट्या पडतात, नोटा फडकतात. तेव्हा लेकीबाळी शेजारीच बसलेल्या असतात. त्यांची आठवण कोणालाही होत नाही. जानेवारी २०२२ मध्ये नागपूर जिल्ह्यातल्या उमरेड तालुक्यात शंकरपटाच्या निमित्ताने ‘डान्स हंगामा’ नावाखाली बायकांना कपडे काढून नाचवल्याचे व्हिडिओ बाहेर आले, गुन्हे दाखल झाले. त्या मंडपातले प्रेक्षक जपानहून आले नव्हते.

म्हणजे आक्षेप नागडेपणावर नाहीच. आक्षेप आहे तो नागडेपणाकडे बघताना शिट्टी मारता येत नाही यावर. या चित्रपटातलं दरबाराचं दृश्य आठवा. चित्रकाराने ते मांसल काढलेलंच नाही. पांढऱ्या शरीराला खालून एक लाल भेग पडते, ती वर चढत जाते, आणि शरीर दोन भागांत फाटून त्यातून वटवाघळं उडतात. हे बघून कोणाला चाळवल्यासारखं होईल? पोटात गोळा येतो. पोटात गोळा आला की चिडायचं, आणि चिडून त्याला अश्लील म्हणायचं, ही सोय आहे. हीच सोय २०१७ मध्ये गोव्याच्या इफ्फी चित्रपट महोत्सवात दिसली: परीक्षकांनी निवडलेला रवी जाधवांचा ‘न्यूड’ केंद्रीय मंत्रालयाने यादीतून काढला, मल्याळम ‘एस दुर्गा’सोबत. ‘न्यूड’मधली बाई जे. जे. कला महाविद्यालयात चित्रकारांसमोर बसून मुलाच्या शिक्षणाचे पैसे मिळवते. परीक्षकांचे प्रमुख सुजॉय घोष राजीनामा देऊन बाहेर पडले. पुढे सेन्सॉरने एकही कात्री न लावता तोच चित्रपट पास केला. मधल्या काळात ज्यांची संस्कृती धोक्यात होती, त्यांनी धोका टळल्याचं कधी जाहीर केलं नाही.

आणि बाईचं शरीर बघायचंच नाही, असं ठरवून बसलं की काय होतं याचा आकडा याच मातीतला आहे. डॉ. राणी बंग आणि डॉ. अभय बंग यांनी गडचिरोलीतल्या दोन खेड्यांत ६५० बायकांची तपासणी केली. जानेवारी १९८९ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये ते छापून आलं: ९२ टक्के बायकांना स्त्रीरोग होते आणि त्याआधी कधी तपासणी झालेल्या जेमतेम ८ टक्के. लाज नावाच्या दागिन्याची ही किंमत. वकीलसाहेब, घाण कशाला म्हणायचं ते आता तुम्हीच सांगा.

आता ट्रिपवाल्यांकडे वळते. यांच्यावर माझा राग जास्त आहे, कारण यांना कळायला हवं होतं. पोट्टा निदान प्रामाणिक आहे, त्याला रंग आवडले. रंग आहेतच तसे. प्लेगचा प्रसंग सुरू होतो तेव्हा घरं, चर्च, माणसं काळ्या राळेसारखी वितळून वाहायला लागतात. तसं दृश्य मी दुसरीकडे कुठे पाहिलेलं नाही. पण सोफ्यावर एक प्राध्यापक होते. त्यांनी घसा खाकरला. मग चित्रकार गुस्ताव क्लिम्ट झाला, ऑब्री बियर्डस्ली झाला, टॅरोचे पत्ते झाले, स्थिरचित्रातील कालाचा आभासी प्रवाह झाला. सगळं खरं. एकही वाक्य चुकीचं नाही. आणि इतकी बरोबर वाक्यं बोलून झाल्यावर शेवटी निष्कर्ष काय, तर ‘अर्थात, आशयाच्या दृष्टीने हा मध्ययुगीन युरोपचा विशिष्ट संदर्भ आहे. आपल्याशी त्याचा थेट संबंध नाही.’

थेट संबंध नाही!

सर, चंद्रपुरातून राजुऱ्याला निघा, गडचांदूर ओलांडा, माणिकगडचा डोंगर चढा. जिवती तालुका लागेल. तिथलं वणी खुर्द हे गाव. २१ ऑगस्ट २०२१ रोजी तिथे भानामतीच्या संशयावरून सात जणांना भर चौकात हातपाय बांधून मारलं. त्यात म्हाताऱ्या बाया होत्या. मार खाणारी माणसं दलित होती. मारणारं गाव होतं, बघणारं गाव होतं. आदल्याच दिवशी अंधश्रद्धेविरुद्ध लढणाऱ्या डॉ. नरेंद्र दाभोलकरांच्या खुनाला आठ वर्षं पूर्ण झाली होती.

अजून जवळचा संदर्भ हवा? गडचिरोलीतला एटापल्ली तालुका, गाव बारसेवाडा, तारीख १ मे २०२४. महाराष्ट्र दिन. जादूटोण्याच्या संशयावरून एका बाईला आणि एका पुरुषाला मारून जाळलं. लोकसभेच्या मतदानाची शाई त्या तालुक्यातल्या बोटांवरून अजून गेलीही नसेल, १९ एप्रिलला मतदान झालं होतं. आणि पोलिसांनी ज्यांना अटक केली त्यांत त्या बाईचा नवरा होता आणि मुलगा होता.

नवरा होता, सर. ज्या दृश्यात तुम्ही क्लिम्ट मोजत होता ना, त्या दृश्यातल्या दारामागचा माणूस. चित्रपटातल्या नवऱ्याने फक्त कडी लावली. इथे आरोप त्याहून भयंकर आहे. पन्नास वर्षांपूर्वी टोकियोत बसून काही चित्रकारांनी हे ओळखलं की चेटकीण जंगलात तयार होत नाही, घराच्या उंबऱ्यावर तयार होते. आणि तुम्ही, याच भागात वाढलेले, पेपर रोज वाचणारे, सांगता की संदर्भ युरोपचा आहे.

चित्रपट ही प्रक्रिया इतकी पायरीपायरीने दाखवतो की त्याला कल्पनाविलास म्हणणं हा अडाणीपणा आहे. आधी बाईवर अन्याय होतो. मग ती मोडून पडायच्या ऐवजी उभी राहते. मग तिच्याकडे दोन पैसे येतात. मग गाव तिच्याकडून उसने घेतं. आणि उसने घेतलेले पैसे परत करायची वेळ आली की ती चेटकीण ठरते. आपल्याकडच्या अशा प्रकरणांत अंधश्रद्धा निर्मूलनाचं काम करणारे कार्यकर्ते वर्षानुवर्षं हेच सांगत आले आहेत: मंत्राच्या मागे जमीन शोधा, भाऊबंदकी शोधा, एकट्या विधवेची पडवी शोधा, आजारी पडलेलं लेकरू आणि न आलेला डॉक्टर शोधा. महाराष्ट्राने २०१३ मध्ये जादूटोणाविरोधी कायदा केला, त्यासाठी दाभोलकरांचा जीव जावा लागला. सहा महिने ते सात वर्षं शिक्षा आहे त्यात. कायदा चौकात उशिरा पोचतो, गाव आधी जमतं.

आणि औषधाचं काय? गावाने हाकलल्यावर जंगलात गेलेली जान बेलाडोनाच्या झुडपाने प्लेगच्या रुग्णांच्या वेदना थांबवते. प्राध्यापक म्हणाले, ‘हे मादक द्रव्याचं रूपक.’ रूपक कशाला? बेलाडोना आपल्या धोत्र्याच्याच कुळातली. तिच्यातून अ‍ॅट्रोपिन मिळतं. विदर्भाच्या कापूसपट्ट्यात कोणी फवारणीचं औषध प्यायलं, कोणाच्या ते अंगात भिनलं, की सरकारी दवाखान्यात ऑर्गॅनोफॉस्फरसच्या विषावर पहिलं इंजेक्शन टोचतात ते अ‍ॅट्रोपिनचं. २०१७ मध्ये यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषाने शेतकरी आणि मजूर पटापट मेले, तेव्हा हीच शिशी नर्सच्या हातात होती. जे झुडूप चेटकिणीचं म्हणून बदनाम, तेच आपल्या वॉर्डात रात्रभर जागतं. पाल्यामुळ्यांचं हे ज्ञान आपल्या जंगलात कोणाकडे आहे? राणी बंगांचं ‘गोईण’ वाचा, इथल्या बायका झाडांबद्दल किती बारकाईने बोलतात ते कळेल. ज्या बाईला झाडपाला कळतो तिच्याकडे गाव दिवसा औषधाला जातं आणि रात्री तिच्याच नावाने दचकतं. गुण आला तर देवाचा, नाही आला तर तिचा.

आता एक तिसरा आवाज. त्या खोलीत माझ्याशिवाय एकच बाई होती, दवाखान्यात परिचारिका आहे. ती शेवटी म्हणाली, ‘मॅडम, पिक्चर चांगला आहे. पण ही बाई पुरुषांनी काढली आहे. एवढं सगळं सोसून तिचे केस कसे विस्कटत नाहीत?’ संध्याकाळभरातलं हे एकमेव शहाणं वाक्य. आणि ते वाक्य चित्रपटाला लागतं. मध्यानंतर सैतानाबरोबरचे प्रसंग आणि गावकऱ्यांचा रानातला धिंगाणा लांबतच जातो. तिथे दिग्दर्शकाला जानचं दुःख दिसत नाही, तिचा कमनीय खांदा दिसतो. सैतानाला त्याने लिंगाच्या आकारात काढलंय. पहिल्यांदा ते बोचतं, पाचव्यांदा पोरकट वाटतं. सोसणाऱ्या बाईला सुंदरच ठेवायचं हा पुरुषांचा जुना हट्ट जपानातही आहे, मुंबईतही आहे आणि झाडीपट्टीच्या रंगमंचावरही. हा आक्षेप मला मान्य आहे. पण घाण म्हणणाऱ्याच्या आक्षेपात आणि या आक्षेपात जमीनअस्मानाचा फरक आहे. एकाला बाई दिसू नये असं वाटतं. दुसरीला ती धड दिसावी असं वाटतं.

शेवटही मला पटलेला नाही. जानला जाळतात, जीनला तेव्हा कुठे कंठ फुटतो आणि शिपाई त्याला भाल्यांनी भोसकतात. आगीकडे बघणाऱ्या बायकांचे चेहरे एकेक करून जानचे होतात. इथपर्यंत ठीक. मग मध्येच फ्रेंच राज्यक्रांती येते, डेलाक्रुआचं झेंडा घेतलेल्या बाईचं चित्र येतं, आणि आपल्याला सांगितलं जातं की त्या राखेतून पुढे हे उगवलं. दिग्दर्शकाला दिलासा हवा होता, त्याने दोनशे-चारशे वर्षं उडी मारून आणला. बारसेवाड्याला ही उडी कोण मारून देणार आहे?

दिवे लागल्यावर वकीलसाहेबांनी तोडगा काढला. वकीलच ते. म्हणाले, ‘ताई, गोष्ट चांगली आहे हो. तो दरबाराचा भाग तेवढा कापा, आणि ते रानातलं. मग शाळेत पण दाखवता येते. अंधश्रद्धेवर आहे ना?’ प्राध्यापकांनी मान डोलावली. पोट्ट्याला रानातलं हवं होतं, दरबाराचा भाग गेला तर चालणार होतं.

दरबार कापला तर उरतं काय? एक सुंदर बाई उगीचच चिडली, उगीचच श्रीमंत झाली आणि उगीचच सैतानाकडे गेली. सरदार गायब, कर गायब, नवऱ्याचे गळ्यावरचे हात गायब. कारण नसलेली चेटकीण उरते, आणि गावाला कायम तेवढीच हवी असते. शाळेत दाखवायला जागा देत असाल, तर आधी आठवी-नववीच्या मुलामुलींच्या आईबापांना दाखवेन, अख्खा दाखवेन, मधून मधून थांबवून कर कोणी लावला आणि दार कोणी लावलं हे विचारेन. कापून दाखवणार नाही.